पाहुण्याचे ताट आणि यजमानाचे कान

मुसलमानांच्या मेहमाननवाझीची तारीफ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ईदच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत, शाळेत, बाजारात जो भेटतो तो म्हणतो, "तुमच्याकडचा पाहुणचार म्हणजे पाहुणचार! नको नको म्हटले तरी वाढतच राहता." आपण सुखावतो आणि ही आपल्या मजहबची, आपल्या तहजीबची देणगी आहे असे अभिमानाने सांगतो. मेहमान म्हणजे अल्लाहची रहमत, हे वाक्य तर घरोघरी पाठ आहे. मला मात्र थोडे कडू बोलायचे आहे. आपली मेहमाननवाझी आज अर्धीच उरली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा ताटाकडचा अर्धा भाग जिवंत आहे, किंबहुना गरजेपेक्षा जास्त सुजला आहे. कानाकडचा अर्धा भाग आपण हरवून बसलो आहोत. पाहुण्याला काय वाढायचे हे आपल्याला कळते, त्याचे काय ऐकायचे हे कळत नाही. यात पाहुण्याचे फारसे बिघडत नाही. तो जेवून आपल्या घरी जातो. नुकसान होते ते यजमानाचे, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

रमजान ईदचा दिवस डोळ्यांसमोर आणा. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, की अकरा वाजल्यापासून पाहुण्यांची रीघ लागते. अब्बांच्या कचेरीतले सहकारी, मुलांचे मास्तर, बँकेतले साहेब, दूधवाले काका. आपण त्यांना बैठकीत बसवतो. पाणी येते, शिरखुर्म्याची वाटी येते, त्यावर आग्रहाची दुसरी वाटी येते. "घ्या ना", "काहीच घेतले नाही तुम्ही", "आमची कसम आहे". कोपऱ्यात टीव्ही चालू असतो. यजमानाचा एक डोळा दाराकडे, कारण पुढचा पाहुणा जिन्यात असतो. पंधरा मिनिटांत माणूस उठतो, त्याच्या हाताला अत्तर लागते, आणि आपण म्हणतो, "पुढच्या ईदला नक्की या." तो येतोही. वीस-पंचवीस वर्षे येतो. पंचवीस वर्षांत पंचवीस वाट्या होतात आणि दोन माणसांमध्ये पंचवीस वाक्येही नवी होत नाहीत.

त्या माणसाच्या मनात काय असते? त्याला कदाचित विचारायचे असते की उर्दू शाळेत नेमके काय शिकवतात. २०१९ साली तीन तलाकच्या विरोधात कायदा झाला तेव्हा तुमच्या घरातल्या बायका काय म्हणाल्या, हेही विचारायचे असते. त्याला काही सांगायचेही असते. मुलगा परदेशी गेला आणि घर खायला उठते, हे सांगायचे असते. गावाकडची जमीन विकावी लागली, हे सांगायचे असते. यातले काही त्याच्या ओठावर येते न येते तोच आपण वाटी पुढे करतो. शिरखुर्मा या फारसी नावात शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. दोन वेगळ्या वस्तू एकत्र शिजवायच्या, तेव्हा कुठे हा पदार्थ होतो. अशा पदार्थाचा उपयोग आपण समोरच्याचे तोंड बंद ठेवण्यासाठी करावा, ही मोठी विपरीत गोष्ट आहे. दिवाळीत आपण त्यांच्याकडे जातो तेव्हा चकल्या-करंज्यांचेही असेच होते, हे कबूल केले पाहिजे. मग परस्परांविषयीची माहिती दोन्ही बाजूंचे लोक कुठून घेतात? मोबाईलवर फिरत आलेल्या मजकुरातून. जो माणूस वर्षातून एकदा समोर बसतो त्याला विचारायचे नाही, आणि जो माणूस कधी दिसलाच नाही त्याने पाठवलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा, अशी आपली रीत झाली आहे.

आता ज्या मजहबच्या नावाने आपण पाहुणचाराचा अभिमान मिरवतो, तो काय सांगतो ते पाहू. हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांचा प्रसंग कुरआनात सूरह हूद आणि सूरह जारियात या दोन्ही ठिकाणी आला आहे. अनोळखी पाहुणे आले, सलाम झाला. हजरत इब्राहीम कुणाला न सांगता आत गेले आणि भाजलेले वासरू घेऊन आले. पाहुणचाराच्या प्रत्येक वाझमध्ये मौलवीसाहेब हा प्रसंग सांगतात आणि वासरापाशी थांबतात. बघा, इब्राहीम (अ.) यांनी केवढे ताट वाढले! पण प्रसंग तिथे संपत नाही. पाहुण्यांचा हात त्या अन्नाकडे गेलाच नाही. ते फरिश्ते होते. हजरत इब्राहीम यांच्या मनात भीतीही आली. ती भीती पोटात ठेवून ते ऐकत राहिले, तेव्हा पाहुण्यांनी त्यांना मुलाची खुशखबर दिली. म्हणजे आदर्श मानल्या गेलेल्या या मेहमाननवाझीत अन्न तसेच राहिले आणि यजमानाचे आयुष्य बदलले ते पाहुण्यांच्या तोंडच्या शब्दांनी. वासरू वाढून हजरत इब्राहीम पुढच्या पाहुण्याच्या तयारीला लागले असते, तर ती खबर कुणाला सांगितली गेली असती?

हदीसचेही तसेच. जो अल्लाहवर आणि आखिरतच्या दिवसावर ईमान ठेवतो त्याने आपल्या मेहमानचा इकराम करावा, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. पण तिचा हा एकच तुकडा आपण भिंतीवर लावतो. त्याच हदीसमध्ये आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक शेजाऱ्याविषयी आहे. दुसरी अशी की, ईमानवाल्याने बोलायचे तर भले बोलावे, नाही तर गप्प राहावे. पाहुणा, शेजारी आणि आपली जीभ या तिन्हींचा हुकूम एकाच दमात दिला गेला, हा काही योगायोग नव्हे. जो गप्प राहू शकत नाही तो पाहुण्याचा इकराम काय करणार? आपण मात्र पाहुणा आला की बोलतच सुटतो. घराच्या बांधकामाला किती खर्च आला, मुलाला कितीचे पॅकेज मिळाले, उमऱ्याला कोणत्या हॉटेलात उतरलो. पाहुण्याच्या हाती मान डोलावण्याखेरीज काही उरत नाही.

हा विचार केवळ आपल्याच परंपरेतला आहे असे नाही. मराठी वाचणाऱ्याला नचिकेताची गोष्ट नवी नाही. कठोपनिषदातला हा मुलगा यमाच्या घरी जातो. यम घरी नसतो. पाहुणा तीन रात्री उपाशी राहतो. परत आल्यावर यमाला आपली चूक उमगते आणि तीन रात्रींच्या बदल्यात तो तीन वर देऊ करतो. तिसऱ्या वराला नचिकेत विचारतो, मेल्यानंतर माणसाचे काय होते ते सांग. आता यम काय करतो पाहा. तो प्रश्न टाळण्यासाठी वस्तू पुढे करतो. शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे घे, गाई घे, हत्ती-घोडे घे, सोने घे, पण हे विचारू नकोस. ईदच्या बैठकीतला आपला यजमान याहून वेगळे काय करतो? प्रश्न येऊ नये म्हणून वाटी पुढे करतो. नचिकेत कशालाच भुलत नाही. शेवटी यम बोलतो, आणि बोलता बोलता, तुझ्यासारखा विचारणारा आम्हाला मिळत राहो, अशी इच्छाही व्यक्त करतो. उपाशी राहिलेल्या पाहुण्याने यजमानाला धन्य केले! इकडे फरिश्त्यांनी वासराला हात लावला नाही, तिकडे नचिकेताने सोन्याला हात लावला नाही. दोन अगदी वेगळ्या श्रद्धांचे ग्रंथ एकच गोष्ट सांगत असतील, तर दोन्हीकडच्या यजमानांनी ती ऐकायला हवी.

कुणी म्हणेल, या ग्रंथातल्या गोष्टी झाल्या, आजच्या घरातले बोला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. एका वर्षी ईदच्या सुट्टीत मी सातवीच्या मुलांना दहा ओळींचा गृहपाठ दिला, ईदला घरी आलेल्या एका पाहुण्याने सांगितलेली गोष्ट. सुट्टीनंतर वह्या तपासल्या. बहुतेकांनी घरात काय काय शिजले त्याची यादी लिहिली होती. काहींनी पाहुण्याने ईदी किती दिली ते लिहिले होते. पाहुणा काय बोलला हे लिहिणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मुलांचा यात दोष नाही. पाहुण्याचे बोलणे हा लक्षात ठेवण्याचा विषय असतो, हे त्यांनी घरात पाहिलेच नव्हते.

एका मुलीची वही मात्र वेगळी होती. तिच्या दादाजींचे एक जुने स्नेही दर ईदला येत. गृहपाठ पुरा करायचा म्हणून तिने त्यांना सरळ विचारले, "तुम्ही लहानपणी काय शिकलात?" ते म्हणाले, "शाळेत फार नाही, पण वडिलांनी मोडी शिकवली." मोडी हा शब्द ऐकताच दादाजी उठले आणि पत्र्याच्या पेटीतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. तो कागद त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. वडिलांनी सावकाराकडून पैसे घेतले होते, ते फेडण्याआधीच त्यांचा इंतकाल झाला, आणि हा त्या कर्जाचाच कागद, अशी घरात समजूत होती. मयताच्या मानेवर कर्ज राहणे आपल्याकडे किती गंभीर मानतात हे सांगायला नको. सावकाराच्या वारसांचा पत्ता नव्हता आणि म्हातारा मुलगा दर जुम्म्याला बापासाठी मगफिरतची दुआ मागत होता. स्नेह्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. ती फारखत होती. सगळी रक्कम पोचली, आता काही येणे नाही, असे सावकाराने लिहून दिले होते. मोडी अक्षरांतला, फारसी नावाचा तो कागद. वाचू शकणारा माणूस आणि वाचला न गेलेला कागद वीस वर्षे दर ईदला एकाच छपराखाली होते. मध्ये फक्त एक प्रश्न कमी पडत होता. तो मुलीने विचारला. दादाजी त्या दिवशी जेवले नाहीत, नुसते रडले, असे तिने मोडक्यातोडक्या मराठीत लिहिले होते. व्याकरणाच्या चुका होत्या, पण मला त्या वहीवर लाल शाई चालवावीशी वाटली नाही.

पाहुण्याचे ऐकणारा यजमान किती कमावतो याचे एक उदाहरण तर जगाच्या इतिहासात आहे. इब्न बतूता १३२५ साली तांजिअर सोडून निघाला आणि पाव शतकाने परतला. आपल्या दौलताबादेला तो येऊन गेला, इथल्या मराठ्यांविषयी त्याने सांगितले. गोव्याच्या दक्षिणेला असलेल्या होनावरविषयी त्याने जे सांगितले, ते तर प्रत्येक शिक्षकाने वाचावे. त्या गावात मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा आपण पाहिल्या आणि तिथल्या बायका कुरआन हाफिज होत्या, असे तो सांगतो. चौदाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर मुलींच्या तेरा शाळा! हे आपल्याला कसे कळले? इब्न बतूताने ते घरी बसून आपणहून लिहिले नाही. मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याने या वाटसरूला आपल्या दरबारी ठेवून घेतले, त्याचे ऐकले, आणि इब्न जुझय्य या लेखकाला ते उतरवून घ्यायला बसवले. १३५५ साली तो ग्रंथ पुरा झाला. सुलतानाने खिलअत देऊन, जेवू घालून त्याला वाटेला लावले असते, तर तेही त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उत्तम आतिथ्यच ठरले असते. मग होनावरच्या त्या तेरा शाळा मातीत गेल्या असत्या आणि मुसलमान मुलींच्या शिक्षणाला परंपराच नाही असे म्हणणाऱ्यांना आपण काय उत्तर दिले असते?

आपण अगदीच ऐकत नाही असेही नाही. कोणाचे ऐकायचे हे आपण ठरवून टाकले आहे, हा खरा रोग आहे. निवडणुकीचे वर्ष असले की इफ्तार पार्ट्यांना बहर येतो. साहेब येतात, डोक्यावर टोपी चढते, खजुराबरोबर फोटो निघतो. मग साहेब बोलतात आणि दिवसभराचे रोजेदार, मगरिबची नमाज आटोपून, निमूटपणे ऐकतात. आखाती देशातून परतलेला श्रीमंत नातलग आला की सगळे घर त्याच्याभोवती कोंडाळे करते. त्याच दिवशी खेड्यावरून एस.टी.ने आलेली विधवा खाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेली असते. तिच्या ताटात काही कमी पडत नाही, एवढी लाज आपल्याला अजून आहे. पण ती का आली आहे, तिच्या जमिनीचे काय झाले, सुनेशी तिचे कसे चालले आहे, हे विचारायला कुणी बसत नाही. इथे मला सूरह अबसची आठवण होते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) कुरैशांच्या सरदारांशी बोलत असताना एक अंध गृहस्थ, हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम, काही विचारायला आले. पैगंबरांच्या कपाळावर आठी उमटली. एवढ्याच कारणावरून आयत उतरली आणि त्यांना टोकले गेले. तीही सरदारांना इस्लामची दावत देण्याच्या वेळची आठी, स्वार्थाची नव्हे. आपण तर नगरसेवकासाठी खालाकडे पाठ फिरवतो. आपल्या कपाळावरच्या आठ्यांचा हिशेब कोण करणार?

आता घरातल्या बाईकडे वळते. सूरह हूदमधल्या त्या प्रसंगात आणखी एक व्यक्ती आहे. हजरत इब्राहीम यांची पत्नी तिथेच उभी होती. तिने ऐकले, ती हसली, आणि ती खुशखबर तिला उद्देशून देण्यात आली. आपल्या घरात ईदच्या आदल्या रात्रीपासून शेवया भाजणारी, सुकामेवा कातरणारी, भांडी घासणारी बाई पाहुण्याच्या बोलण्यातले किती ऐकते? तिच्या हातून ट्रे दारापर्यंत येतो, तिथून मुलगा तो घेतो. परदा म्हणून सांगितले जाते. परद्याची चर्चा मी इथे करत नाही. एवढेच विचारते की परदा कानांनाही असतो काय? बैठकीतल्या पुरुषांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्याकडे पंधरा मिनिटांचा देखावा चालतो तेव्हा आत चुलीपाशी, पाहुण्यांबरोबर आलेल्या बायकांशी, खरी बातचीत होत असते. कुणाच्या मुलीचे लग्न मोडले, कुणाला कोणत्या डॉक्टरचा गुण आला, कुणाच्या बचतगटाला कर्ज मिळाले, हे सारे तिथे बोलले जाते. पाहुणचाराची मूळ विद्या अजून कुठे जिवंत असेल तर ती स्वयंपाकघरात आहे. पण बाहेर तिला किंमत नाही. तिला आपण बायकांच्या गप्पा असे नाव दिले आहे.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप कुरआनाच्याच आधाराने येईल. सूरह अहजाबमध्ये ईमानवाल्यांना सांगितले आहे की पैगंबरांच्या घरी जेवणासाठी बोलावले तर जा, जेवण झाले की उठा, गप्पा मारत बसून राहू नका. मग पाहुण्याला बोलत बसवणे योग्य कसे? आक्षेप खरा आहे, त्याला बगल देता येणार नाही. पण ती आयत पुरी वाचावी. बसून राहणाऱ्यांचा पैगंबरांना त्रास होत होता आणि तरीही संकोचामुळे ते त्यांना उठा म्हणत नव्हते, असे तिच्यात म्हटले आहे. म्हणजे लवकर उठण्याची शिस्त पाहुण्याला लावली आहे. यजमान त्रास सोसूनही अदबीने बसून होता, हेही तिथेच दिसते. पाहुण्यासाठी असलेला हुकूम यजमानाने आपल्या सोयीसाठी वापरू नये. आणि ती आयत पाहुण्याने लांबवलेल्या गप्पांविषयी आहे. आपल्याकडे तर गप्पांना सुरुवातच होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जखमेतून येतो आणि त्याची मला कदर आहे. लोक म्हणतात, मॅडम, हे दिवस आपण ऐकून घेण्याचे आहेत काय? टीव्हीवर, सभांत, रस्त्यावर आपल्याला पुष्कळ ऐकवले जाते आहे. भाड्याने घर मागायला गेलो तर नाव ऐकून दार बंद होते. आता घरी आलेल्याचेही ऐकायचे? माझे उत्तर असे आहे. बाहेर आपल्याला ऐकवले जाते तेव्हा आपण उभे असतो आणि समोरचा बसलेला असतो. आपल्या दस्तरखानावर तसे नसते. तिथे घर आपले, वेळ आपली, अदब आपली. समोरचा माणूस चपला बाहेर काढून आलेला असतो. त्याने शंका काढली, अगदी बोचरी शंका काढली, तरी ती आपल्या छपराखाली काढलेली असते आणि तिला उत्तर देता येते. हीच शंका तो बाहेर घेऊन गेला तर तिचे उत्तर भलताच कुणी देईल.

नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाचे उदाहरण आपण विसरलो आहोत. इ.स. ६३१ च्या सुमारास साठेक लोकांचे हे मंडळ मदिनेला आले. ते वाद घालायला आले होते, मुसलमान व्हायला नव्हे. त्यांना मशिदीत उतरवून घेतले गेले. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांनी मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केली आणि पैगंबरांनी त्यांना तसे करू दिले, असे इब्न इसहाक यांनी लिहिले आहे. ईसा (अ.) यांच्याविषयी कडाक्याची चर्चा झाली. त्यांचे मत बदलले नाही, मदिनेचेही बदलले नाही. तरी ते जाताना सलोख्याचा करार करून गेले. ऐकणे म्हणजे मान तुकवणे नव्हे, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा? ज्याला आपल्या ईमानची खात्री असते त्याला पाहुण्याच्या प्रश्नाची भीती वाटत नाही.

यात भाषेचा प्रश्नही आहे आणि तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी पाहुण्यासमोर बसवा. तो सलाम करतो, नाव सांगतो, आणि आत पळतो. मराठीत त्याला परीक्षेपुरते गुण मिळतात, पण "तुमच्या गावात या वर्षी पाऊस कसा आहे?" एवढे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. मराठी ही आपल्याकडे परीक्षेची भाषा राहिली, बैठकीची झाली नाही. उर्दूवर प्रेम करणारी मी बाई आहे, उर्दू शाळा बंद कराव्यात असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला कुणी बसवू नये. पण पाहुण्याची भाषा यजमानाला यावी, ही मेहमाननवाझीची पहिली अट आहे. आणि ती शिकवायला पाहुण्यासारखा शिक्षक नाही. पाठ्यपुस्तकातल्या वीस धड्यांनी जे होत नाही ते निवृत्त पोस्टमनच्या अर्ध्या तासाच्या गोष्टीने होते, हे मी वर्गात पाहिले आहे.

आपण मुस्लिम लेखक मराठीत का लिहितो? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपली मागणी एकच आहे, आमचे ऐका. आमच्या मोहल्ल्यात काय चालते, आमची बाई काय सोसते, आमचा कारागीर कसा जगतो, हे आमच्या तोंडून ऐका. ही मागणी न्याय्य आहे आणि तिच्यासाठी अनेकांनी आयुष्य वेचले. परंतु मराठी वाचकाच्या घरी आपण पाहुणे म्हणून गेलो आणि त्याने आपले ऐकावे असे म्हणालो, तर आपल्या घरी आलेल्याचे आपण काय करतो, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. जो माल आपल्या दुकानात नाही त्याची दुसऱ्याच्या दुकानात तक्रार करता येत नाही.

तेव्हा उपाय काय? मोठ्या परिषदा नकोत, ठराव नकोत. सामाजिक सलोख्याच्या नावाखाली एका मंचावर चार धर्मगुरू बसवून हात उंचावण्याचे कार्यक्रमही पुष्कळ झाले. येत्या ईदला प्रत्येक घराने एवढेच करावे. टीव्ही बंद ठेवावा. दिवसभरातल्या पाहुण्यांपैकी एकाला तरी, शक्यतो ज्याच्याकडून काही काम नाही अशाला, अर्धा तास द्यावा. घरातले एक मूल त्याच्यासमोर बसवावे, आणि शेवया भाजून दमलेल्या बाईलाही आपल्या शेजारी बसवावे. पाहुण्याला त्याच्या आयुष्यातले एक काहीतरी विचारावे आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये आपली गोष्ट घुसवू नये. त्याने आपल्याला काही विचारले, तर ते कितीही अडचणीचे असले तरी रागावू नये. रात्री दस्तरखान आवरल्यावर घरातल्यांनी एकमेकांना विचारावे की आज कोण काय सांगून गेला. त्याचे उत्तर देता आले तर आपल्याकडे मेहमान आला होता असे समजावे. पाहुणा बोलण्यात रंगला आणि त्याच्या वाटीतला शिरखुर्मा गार झाला, तरी हरकत नाही. तो पुन्हा गरम करता येतो.